दिवसाला एक वीत

थंडीच्या दिवसांत बागेत काही काम नसतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी बाग केलेलीच नसते. ताईचं हे ठाम मत होतं आणि समोरच्याला ते ऐकवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. खत उलटायचं असतं, वाळक्या वेली उतरवायच्या असतात, नाजूक झाडांच्या बुंध्यांना गोणपाट गुंडाळायचं असतं, खुरप्यांना आणि कात्र्यांना तेल द्यायचं असतं. एकतीस वर्षं तिनं नगरपालिकेच्या रोपवाटिकेत काढली होती, शेवटची अकरा तिथली मुख्य माळी म्हणून. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. तरी सकाळी साडेसातला ती मागच्या दारात उभी असायची, जणू आत्ता कुणी हजेरी घेणार आहे.

हजेरी घेणारी एक होतीच. मागच्या खोलीत खिडकीला लागून खाट होती, खाटेवर तीन पांघरुणं, आणि त्या ढिगातून बाहेर आलेलं एक नाक. ते नाक धाकटीचं.

"ताई, टोपी घाल."

"घातलीय."

"डोक्यावर घाल. खिशात नव्हे."

धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, पाच वर्षांनी लहान. तीही आता अडुसष्टची. सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. नवरा गेल्यावर ती ताईकडे राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी मोठं आजारपण झालं आणि तेव्हापासून तिच्या अंगात जी थंडी शिरली ती निघायचं नाव घेईना. भर उन्हाळ्यात पायात मोजे. हिवाळ्यात मोज्यांवर मोजे आणि पोटाशी गरम पाण्याची पिशवी. काठीशिवाय चार पावलं टाकायची म्हटलं तरी जिवावर यायचं. "माझं रक्त रजेवर गेलंय," ती म्हणायची, "आणि अर्जसुद्धा न देता."

धाकटीची मुलगी दूरच्या शहरात, नवव्या मजल्यावर राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. "मावशी, आता पुरे ना ती बाग. दोघी इकडे या. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे." ताई "बघू" म्हणायची. नवव्या मजल्यावर कुंड्या ठेवता येतात, हे भाची आवर्जून सांगायची. ताईला कुंड्यांची दया यायची.

पण त्या हिवाळ्यात तिच्याही मनात धाकधूक होती. हात साथ देईनासे झाले होते. बोटांची पेरं लिंबाएवढी सुजलेली, सकाळी मूठ वळायला अर्धा तास लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, सांधे झिजलेत, झिजलेलं भरून येत नाही. चहाची किटली ती दोन्ही हातांनी उचलायची आणि धाकटीकडे पाठ करून ओतायची. छाटणीची कात्री मिटायची म्हणजे डोळ्यांत पाणी उभं राहायचं. तिनं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. या थंडीत आपल्या हातांनी सगळे गुलाब छाटून झाले तर इथं राहायचं. नाही झाले, तर मुकाट्यानं भाचीकडे.

हे सुरू झालं त्या सकाळी रात्रभराचं दव गोठून बाग पांढरी पडली होती. गवत पायाखाली कुरकुरत होतं. पाण्याच्या पिंपावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. ताई शेवटच्या वाफ्यापर्यंत गेली, मागच्या भिंतीलगत. बीट काढल्यापासून तो वाफा रिकामाच होता. त्याच्या मधोमध एक काळी जागा होती, टोपलीच्या तोंडाएवढी, जराशी लांबट. तेवढ्याच जागी दव गोठलं नव्हतं.

मांजर बसून गेलं असेल, असं तिला वाटलं. तिनं हातमोजा काढला आणि वाकून पंजा टेकवला. माती उबदार होती. मांजर उठून गेल्यावर राहते तेवढी नाही. मांजर अजून बसलेलं असावं तेवढी.

खत तापतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण इथं खत नव्हतं. तिनं मातीत खुपसायचा थर्मामीटर आणला. शेजारच्या मातीत एक अंश. काळ्या जागेत सदतीस. बोटभर खोल सदतीस, हातभर खोल सदतीस. कडेपासून दोन बोटं बाहेर सरकवला की पुन्हा एक. तापलेलं खत असं वागत नाही. ते मध्ये जास्त तापतं, कडेला कमी, आणि रोज थोडं निवत जातं. तिनं बागेच्या वहीत तारीख आणि आकडे लिहून ठेवले.

मग खात्री करायला म्हणून पुन्हा हात घातला. खात्री झाली, तरी तो बाहेर काढला नाही. गेली चार वर्षं पेरापेरांत कुणीतरी जे सतत पिळत होतं, त्यानं पिळायचं थांबवलं होतं. तिनं दुसराही हात मनगटापर्यंत आत घातला. किती वेळ ती तशी गुडघ्यांवर बसून होती कुणास ठाऊक. उठली आणि एका हातात कात्री धरून मिटली. खट् झालं. त्या दिवशी तिनं तीन गुलाब छाटले.

दुपारी धाकटीसमोर तिनं बरणीचं घट्ट झाकण एका झटक्यात उघडलं.

"काय गं, आज स्वारी जोरात आहे! नवं औषध लागू पडलं वाटतं."

"हो," ताई म्हणाली. "लागू पडलं."

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. पण हे इतकं सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

रोज सकाळी ती आधी तिथं जाऊ लागली. चौथ्या दिवशी जागेभोवती तिनं चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की काळी जागा सुतळीच्या बाहेर आलीय. तिनं नव्या खुंट्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रोज मोजायला लागली. दिवसाला एक वीत. कमी नाही, जास्त नाही. सरळ रेषेत, घराच्या दिशेनं.

मागे जी माती राहत होती ती तिनं चिमटीत घेऊन पाहिली. राखेच्या रंगाची, हलकी, फुंकर मारली तर उडेल अशी. राखेला निदान वास असतो. हिला नव्हता. खुरपं घालून तिनं हातभर उकरलं. एक गांडूळ नाही. मेलेलंसुद्धा नाही.

शेजारी वीज कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. सगळी गल्ली त्यांना वायरमनच म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. ताईनं त्यांना बोलावलं. ते मीटर घेऊन आले, टोकं मातीत खुपसली, डोकं खाजवलं. मग पहारीनं गुडघाभर खड्डा घेतला.

"केबल नाही. पाण्याची लाइन पुढून आहे, ड्रेनेजही पुढूनच. इथं काही असायचं कारणच नाही, ताई." एवढं बोलून त्यांनी खड्ड्यात हात घातला.

लगेच बाहेर काढला. विजारीला पुसला. पुन्हा पुसला.

"काय झालं?"

"काही नाही." ते खड्ड्याकडे बघत राहिले. "माणसाच्या काखेत हात घातल्यासारखं वाटलं."

ताईनं पायानं मातीचं एक ढेकूळ खड्ड्यात लोटलं.

"किती दिवस झाले?"

"नऊ."

"तुम्ही यात हात घालता?"

तिच्या कोपरापर्यंत माती लागलेली होती. वायरमननी ती पाहिली. "मी नसता घातला," ते म्हणाले. खड्डा बुजवला, पहार खांद्यावर टाकली आणि चहा न घेता निघून गेले. तेरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

पुढं लसणाचा वाफा होता. ऊब त्याच्याखाली आली त्या सकाळी लसणाची पात एका रात्रीत हातभर वाढलेली दिसली, हिरवीगार, रसरशीत. एवढ्या थंडीत असा लसूण ताईनं रोपवाटिकेच्या काचघरातही पाहिला नव्हता. तीन दिवस तो तसाच तरारून उभा होता. चौथ्या दिवशी सगळी पात मातीला चिकटून पडली होती. पापुद्र्यासारखी. उपटली तर खाली लसूण नव्हताच, नुसती सालं होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. पण हात गेल्या दहा वर्षांत इतके हलके नव्हते. एव्हाना निम्मे गुलाब छाटून झाले होते.

पुढं पिवळा गुलाब होता. रोपवाटिकेतून निघताना तिनं त्याची काडी आणून लावली होती. थंडीत झाड झोपलेलं असतं, तेव्हा ते मुळांसकट उचलून दुसरीकडे लावता येतं, हे ती नव्या माळ्यांना शिकवत आली होती. हाताशी दोन दिवस होते. तिनं कुदळ आणून झाडाशेजारी ठेवलीही. पण झाड काही हलवलं नाही. बघू या काय होतं, असं ती स्वतःला म्हणाली.

छाटून बोडका केलेला गुलाब गोठलेल्या दवात फुलला. अकरा फुलं. वासानं मागचं दार भरून गेलं. तिनं ती सगळी कापून पेल्यात घालून धाकटीच्या उशाशी ठेवली.

"या थंडीत गुलाब? कुणाची बाग लुटलीस गं?"

"आपलीच."

धाकटीनं पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ डोळे मिटून राहिली. "वेडंच आहे झाड," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी पेल्यात अकरा काळे देठ उभे होते आणि पाणी स्वच्छ होतं. बाहेर ताईनं झाडाला नुसतं बोट लावलं, तर ते आडवं झालं. खाली एकही मूळ नव्हतं.

तिथंच उभं राहून तिनं समोर पाहिलं. सगळ्या जुन्या खुंट्या एका ओळीत होत्या. ती ओळ पुढं नेली, तर ती मागच्या खोलीच्या खिडकीखाली भिंतीला जाऊन भिडत होती. खिडकीत धाकटीचं नाक दिसत होतं. ताईनं विती मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. धाकटी गणिताची, ताईचं गणित कच्चं, पण हे चुकण्यासारखं गणित नव्हतं.

"आजपासून तू पुढच्या खोलीत झोप," जेवताना ती म्हणाली.

"का म्हणून?"

"भिंतीला ओल येतेय."

धाकटीनं हात लांब करून भिंत चाचपली. "कोरडी ठणठणीत आहे. थापा मारू नकोस. पुढच्या खोलीत ऊन नाही, बाग दिसत नाही. तू दिसत नाहीस. दिवसभर मी बघायचं काय? भिंतीवरचं घड्याळ?"

आता सांगून टाकावं, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर धाकटीनं एकच प्रश्न विचारला असता. हे सगळं दिसतंय, तर मग रोज सकाळी त्यात हात घालून काय बसतेस? धाकटीला खिडकीतून सगळं दिसायचं. ताईनं ताटं उचलली.

रविवारी भाचीचा फोन आला. "येता का?" असं तिनं विचारलं. एक "हो" म्हटलं असतं तर दोन दिवसांत दोघी गाडीत असत्या. ताईनं फोन उजव्या हातात धरला होता, बोटं कशी सुरेख वळली होती.

"गुलाब सगळे छाटून झाले," ती म्हणाली. "हात अगदी बरे आहेत आता."

तिनं काहीच केलं नाही, असं मात्र नाही. घराच्या भिंतीपासून चार विती अलीकडे तिनं आडवा चर खणायला घेतला. त्यात पत्रा उभा करायचा, भिंतीसारखा. जुन्या शेडचा लांबरुंद पत्रा पडून होता. चार दिवस ती खणत होती. रोज सकाळी त्या उबेत हात शेकायचे, हात मोकळे झाले की कुदळ उचलायची. ज्याला अडवायचं त्याच्याकडूनच बळ घ्यायचं. हे तिला कळत होतं. त्याचा विचार ती कुदळीच्या घावांत बुडवून टाकत होती.

गुरुवारी चर तयार झाला, गुडघाभर खोल. ऊब अगदी पलीकडच्या काठाला येऊन ठेपली होती. पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. उचलून उभा केला की काम संपत होतं.

आणि उद्यापासून माती थंड.

ती पत्र्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या."

शुक्रवारी चराच्या तळाशी हात लावला, तर तळ उबदार लागला. त्र्याहत्तर वर्षांची ती बाई चरात उतरली, खाली बसली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत घातले. खिडकीतून धाकटी ओरडली, "ताई, पडलीस का?" तिनं मान हलवून नाही म्हटलं.

शनिवारी सकाळी तिनं पत्रा उभा केला. हातांत ताकद होती, एकटीनं केला. माती लोटून घट्ट दाबला. मग पत्र्याच्या घराकडच्या बाजूला थर्मामीटर खुपसला.

सदतीस.

सोमवारी धाकटी पांघरुणातून पाय बाहेर काढून बसली होती. मोजे जमिनीवर पडले होते.

"ताई, हात लावून बघ. माझे पाय गरम आहेत."

ताईनं हात लावला नाही. "चांगलं आहे," ती म्हणाली.

मंगळवारी धाकटी काठी न घेता स्वयंपाकघरात आली आणि तिनं स्वतः चहा केला. गालांवर रंग आला होता. केस विंचरून तिनं अंबाडा घातला होता, आणि ते केस चमकत होते. ताईनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, ताप पाहिला.

"उत्तम. सदतीस." ते हसले. "मला कशाला बोलावलंत? असंच चालू द्या."

"तपासा पुन्हा," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बरं होणाऱ्या माणसाची एवढी काळजी मी पहिल्यांदाच बघतोय."

बुधवारी सकाळी ताई वायरमनच्या दारात गेली. दोघांनी मिळून खाट पुढच्या खोलीत नेली. धाकटी खाटेवरून उतरायलाच तयार नव्हती. तिला हसू आवरत नव्हतं. "मला हलवताय की खाटेला? दोघांचं वय बघा आधी!" वायरमन हसले नाहीत. खाट ठेवून त्यांनी धाकटीकडे एकदा पाहिलं आणि ते तसेच निघून गेले.

ताई मागे बागेत धावली. खिडकीखाली थर्मामीटर घातला. एक अंश. चराजवळ, एक. भिंतीच्या अगदी कडेला, एक. मागच्या खोलीतली फरशी तिनं हातानं चाचपली, बर्फासारखी होती. सगळी बाग थंड पडली होती. कुठंही काळा डाग नव्हता.

संपलं, असं तिला वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं. ती मागच्या पायरीवर बसली आणि तिच्या लक्षात आलं की बोटं पुन्हा दुखायला लागलीत. दुखू देत, ती मनात म्हणाली. त्या दुखण्याचा तिला आनंद झाला.

"ताई!" पुढच्या खोलीतून हाक आली. "इकडे ये. किती गारठलीयस बघ. आण ते हात इकडे."

धाकटीनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

पेरापेरांतलं पिळणं थांबलं.

तीच ऊब होती. थोडीही वेगळी नाही.

"काय झालं? रडतेस का अशी?" धाकटीनं विचारलं. तिचा चेहरा चाळिशीतल्या बाईसारखा दिसत होता. "वेडी आहेस. इतक्या वर्षांनी मला बरं वाटतंय, आणि ही रडतेय."

दिवस उजाडेपर्यंत ताईनं तिचे हात सोडले नाहीत. डोळाही मिटला नाही.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला धाकटी खुर्चीत बसून केसांची पिन शोधत होती. "इथंच तर ठेवली होती," ती म्हणाली. ताईनं खाली वाकून पाहिलं. मान वर केली, तेव्हा धाकटी गेली होती.

डॉक्टर सव्वाला आले. त्यांनी सगळं पाहिलं, वेळ लिहिली, हात जोडले. भाचीला फोन केला. दोन गाड्या बदलून ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती. तोवर थांबायचं ठरलं.

शुक्रवारी भाची आली. आईच्या कपाळावर तिनं ओठ टेकले आणि ओरडत मागे सरली.

"मावशी, आई गरम आहे! आई गरम आहे!"

डॉक्टर पुन्हा धावत आले. छातीला यंत्र लावलं. कागदावर सरळ रेघ येत राहिली, कागद संपेपर्यंत. डोळ्यांत उजेड मारला. नाकाशी आरसा धरला. मग थर्मामीटर लावला, काढून पाहिला, झटकला, पुन्हा लावला. पिशवीतून दुसरा काढला.

ते काय वाचत होते, हे ताईला न विचारता कळलं.

"त्या गेल्या आहेत," डॉक्टर भाचीला म्हणाले. "यात शंका नाही." आवाज मात्र शंकेचा होता.

शनिवारी सकाळी तेच. अंग ताठलं नव्हतं. रंग बदलला नव्हता. गालांवरचा रंग तसाच होता. बाहेर दव गोठून सगळं पांढरं झालं होतं आणि वायरमनच्या घराच्या खिडक्या बंद होत्या.

डॉक्टरांनी थर्मामीटर पुसून पिशवीत ठेवला.

"हे कुणाला विचारायचं, तेच मला कळत नाहीये," शेवटी ते हळूच म्हणाले. "पण आता आज न्यायलाच हवं, ताई. आणखी थांबून काय होणार?"

भाची शेजारच्या खोलीत रडून रडून झोपली होती. ताई गुरुवारपासून खुर्चीवरून उठली नव्हती. खाटेवरचा हात तिच्या दोन्ही हातांत होता.

"आजचा दिवस राहू द्या," ती म्हणाली.

"ताई..."

"एकच दिवस. आजचा."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. अशा वेळी माणसं असं बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि दाराकडे वळले. दारात ते थबकले.

ते तिच्या बोटांकडे बघत होते. चार वर्षं ज्या बोटांना ते औषध देत होते, ती बोटं बहिणीच्या तळहातात सावकाश उघडत होती, मिटत होती. एकेक पेर, अगदी सहज.

ताईनं त्यांची नजर पाहिली. ते काय बघतायत, हे तिला कळलं.

तिनं हात काढला नाही.